हातानं फिरवलेला नट

मधू,

तुला उठता-बसता ‘मेल्या’ म्हणायची माझी सवय. त्या दिवशी दूधवाल्याशी बोलताना तोंडात तोच शब्द आला आणि जीभ चावली. आता तुला काय म्हणून हाक मारू, तेवढं तरी सांगून जायचं होतंस.

तेरावं परवा उरकलं. माणसं आली, जेवली, ‘भला माणूस होता’ म्हणाली आणि गेली. दहाव्याला आपला आत्येभाऊ दत्तू वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पिंड ठेवून बसला होता. कावळे समोर माडावर होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. दत्तू बिचारा ऊन चढेपर्यंत हात जोडून उभा. ‘ताईला सांभाळू, तिला काही कमी पडू देणार नाही,’ असं सगळं कबूल करून झालं. शेवटी भटजींनीच दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि प्रकरण मिटवलं. घरी आल्यावर दत्तू मला विचारतो, “काय राहिलं होतं गं त्याचं?”

मी म्हटलं, “मला काय ठाऊक.” ठाऊक नसायला काय झालं? घाटकोपरच्या अरविंदच्या आईनं एकदा आपल्या तोंडानं ‘जा, तुला माफ केलं’ म्हणावं, एवढं एकच तुझं राहिलं होतं. ज्यांचा मुलगा तुझ्या हातच्या चुकीनं विमान पडून गेला, त्या बाईनं.

कावळ्याबिवळ्याचं मला काही नाही. अंधेरीचे कावळे माजलेत, रोज शिळी पोळी खाऊन त्यांना भाताचं अप्रूप राहिलेलं नाही. पण मला चैन पडेना. काल मी घाटकोपरला जाऊन आले. तिथं काय झालं ते सांगते तुला, सांगणारच आहे. पण त्याआधी मला भांडायचंय. आपलं भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलास, आणि अर्धं काम टाकून जायची तुझी पद्धत नव्हती. म्हणजे एकदा सोडून.

तुला आठवतं, मला तू जुहूच्या मैदानावर विमानं दाखवायला घेऊन गेला होतास? तू मेकॅनिक होतास त्या शेठची ती तीन छोटी विमानं आणि एक पत्र्याची शेड. मला वाटलं होतं, विमान म्हणजे केवढं अवाढव्य असेल. आणि तू दाखवलंस ते लाकूड नि कापडाचं. मी पंखाचं कापड बोटानं चाचपून पाहिलं आणि म्हटलं, “अरे, हे तर मीसुद्धा शिवीन.” तू केवढा हसलास. मग शेपटीला बांधलेलं लाल फडकं दाखवलंस. माझ्याच चिंध्यांच्या बोचक्यातून नेलेलं. म्हणालास, “हे दिसलं की समजायचं काम अपुरं आहे. मग राजा आला तरी त्यानं विमानाला हात लावायचा नाही.” मी म्हटलं, “घरात तुझा बिछाना अपुरा असतो, त्याला का नाही बांधत?” घरात तू नुसता गबाळा. टॉवेल कुठं, चप्पल कुठं. आणि तिथं तुझी हत्यारं बघावीत तर देव्हाऱ्यातल्या उपकरणांसारखी ओळीनं लावलेली. मी घरी येईपर्यंत तुला त्यावरून चिडवलं.

तिथंच पहिल्यांदा अरविंद भेटला. शेठचा वैमानिक, सव्विशीतला पोरगा, घाटकोपरचा. आईचा एकुलता एक. तू त्याच्याहून मोठा म्हणून तुला ‘मधुभाई’ म्हणायचा आणि वर म्हणायचा, “ताई, मी देवाला हात जोडत नाही. मधुभाईंनी हात लावलाय का, एवढंच विचारतो आणि चढतो.” पुढं एकदा पँट ढिली करून घ्यायला आपल्याकडे आला होता. साबुदाण्याची खिचडी खाल्ली, पुन्हा मागून खाल्ली, आणि म्हणाला, पँट ढिली करायला सांगितली ते बरंच झालं. मला तो आवडायचा रे. हे मी तुला नंतर कधी बोलून दाखवलं नाही. त्याचं नाव निघालं की तू पाट सोडून उठायचास.

आता खंडेनवमीचं. ते मला एकदा नीट सगळं सांगू दे, तू नेहमी मध्येच तोडायचास.

आपले दादा गिरणीत फिटर. त्यांचा दंडक असा की खंडेनवमीला घरातलं नि कामावरचं एकही हत्यार पूजेबाहेर राहता कामा नये. रॉकेलनं धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, वर झेंडू. आणि एकदा मांडली की दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. “वर्षभर राबतात, दोन दिवस बसू देत बिचारी. बाहेर राहिलं ते हत्यार रुसतं,” असं म्हणायचे. माझ्या शिवणाच्या मशीनलाही त्यांचा हाच कायदा. ऐन दसऱ्याच्या तोंडावर गिऱ्हाइकं डोक्यावर बसलेली असायची, तरी ते मला कात्री उचलू द्यायचे नाहीत. दादा गेले आणि त्यांचा कायदा तू शेडमध्ये नेलास. शेठला काय, पेढे खायला मिळाले की झालं. तुझ्या नादानं सगळी शेड पूजेला लागली.

त्या खंडेनवमीला सकाळी तू एका विमानाच्या शेपटीत हात घालून बसला होतास. शेपटीला जी झडप असते, जी हलली की विमान वर जातं नि खाली येतं, तिच्या दांडीचा बोल्ट झिजला होता. तू नवा घातलास. नट हातानं फिरवलास. आता पान्यानं आवळायचा आणि आरपार पिन घालून तिची टोकं वाकवायची, म्हणजे नट हलत नाही. एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात हाका सुरू झाल्या, “मधुकर, चल, मुहूर्त टळतोय, तुझाच पाना तेवढा राहिलाय!”

तुझाच पाना तेवढा पूजेबाहेर. दादांचा मुलगा तू. तू पाना धुतलास, पुसलास आणि पाटावर ठेवलास. पिनांची डबीसुद्धा ठेवलीस. आणि नियमाप्रमाणे शेपटीला लाल फडकं बांधलंस. इथवर तुझं काहीही चुकलं नव्हतं, हे मी आजही छातीठोक सांगते.

पण पूजा झाल्यावर पोरांनी तिन्ही विमानांना हार घातले. नाकाला, पंखांना, शेपटीला. झेंडूचे हार आणि ते बांधायला लाल कापडाच्या पट्ट्या. जिकडं तिकडं लालच लाल. त्यात तुझं फडकं कुठलं आणि हाराची पट्टी कुठली?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेलास. सुकलेले हार काढायला लागलास. कुणी सांगितलं नव्हतं. आपणच मांडलेली पूजा आपणच आवरावी म्हणून. पंखांचे काढलेस, शेपटीचा काढलास. हाराबरोबर फडकंही हातात आलं आणि ढिगात गेलं. मग शेपटीचं झाकण लावलंस. कुणीतरी तुझ्याशी बोलत होतं, मुलीच्या बारशाचं काहीतरी सांगत होतं, हे तूच मला सांगितलंस. बारशाचं ऐकत ऐकत झाकण लावलंस.

मग इंजिनिअरसाहेब आले. त्यांचं काम काय? दुसऱ्यानं केलेलं काम उघडून, हात लावून बघायचं आणि मगच विमान सोडायचं. त्यांनी लांबून पाहिलं. फडकं नाही, म्हणजे काम पुरं. “मधुकरनं केलंय ना? मग काय बघायचं,” म्हणाले आणि सही केली. अरविंदनं चढण्यापूर्वी झडप हातानं वर-खाली करून पाहिली. हलली. हलणारच, नट जागेवर होता तेव्हा.

मला समजावताना तू माझ्याच धंद्यातलं बोललास. “ताई, तू माप बघायला कच्चा टाका घालतेस ना? तो ब्लाऊज मी कच्च्या टाक्यावरच गिऱ्हाइकाला दिला.”

त्या दुपारी मी मशीनवर होते. तू दारात आलास तो गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. विमान मढच्या अलीकडे खाडीच्या चिखलात पडलं होतं. कोळ्यांनी अरविंदला होडीतून काठावर आणलं. तू त्याला पाहिलंस आणि तसाच चिखलातून विमानाच्या शेपटीकडे गेलास. दारात उभा राहून तू फक्त एवढंच म्हणालास, “ताई, पिन नव्हती.” मला काही कळेना. मी म्हटलं, “अरे, कसली पिन? आधी पाय धू.” तू पाय धुतलेस, पाटावर बसलास, आणि वाढलेल्या ताटाकडे बघत राहिलास. मी ताट उचललं. त्या दिवसापासून तुझं जेवणावरचं मन उडालं ते उडालंच.

चौकशी झाली. मोठमोठे साहेब आले. मी तुला पढवून पाठवलं होतं, “जे झालं ते सगळं सांग. पूजेचं सांग, हारांचं सांग, त्या इंजिनिअरनं झाकण उघडलं नाही तेही सांग.” आणि तू काय सांगितलंस? “नट मी लावला, मी घट्ट केला नाही, खूण मीच काढली.” संपलं! साहेबांनी विचारलं, आणखी कुणाची चूक वाटते का? तू म्हणालास, “नाही.” अरे, नाही कसं? इंजिनिअर खुर्चीवर बसून तुझं तोंड बघत होता, त्याला पहिल्यांदा पटकन कळलंच नसेल की आपण सुटलो. सुटला तो. तुझा परवाना गेला, कामावरून गेलास. तो आजही कुठंतरी टाय बांधून सह्या करत असेल. त्याचं नाव निघालं की माझी तळपायाची आग मस्तकाला जाते.

आणि आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

“त्यानं बघायचं होतं की नव्हतं?”

“होतं.”

“बघितलं?”

“नाही.”

“मग?”

“मग काय, ताई? त्यानं बघितलं नाही, म्हणून माझा नट घट्ट होतो का?”

मी भांडी आपटायची. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्यानं सुरू. कधी मी त्या इंजिनिअरला धरायची, कधी शेठला, कधी देवाला. देवाला तर मी सोडलाच नाही. ज्याच्या पूजेपायी हे झालं त्याला डोळे नव्हते का? मी त्या वर्षीपासून मशीनची पूजा बंद केली. तर पुढच्या खंडेनवमीला मी बाजारातून येते तो तू माझं मशीन पुसून, तेल घालून, हळदकुंकू लावून ठेवलेलं. माझं डोकंच फिरलं. “तुला काही वाटतं का रे?” म्हटलं. तू शांतपणे फूल वाहत म्हणालास, “पूजेनं काय केलंय? दादांनी आवळू नको असं नव्हतं सांगितलं.” देवाला बोल लावू दिला नाहीस, दादांना नाही, इंजिनिअरला नाही. सगळं आपल्याच घशात घातलंस. एवढा कसला रे हावरटपणा?

पण हेही सांगते, तेव्हा चिडून बोलले नाही ते. त्या चौकशीतून तू परत आलास तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. मनात म्हटलं, आपला मधू कुणाच्या पाठीमागं लपला नाही. पण हे बोलले असते तर तू आणखीच खोल गेला असतास, म्हणून ताटात आमटी वाढून गप्प बसले.

मग स्टेशनजवळच्या सायकलच्या दुकानात लागलास. विमानाचा माणूस, पंक्चर काढायला. मला वाटलं, हरकत नाही, हात कामात राहतील. पण तू चाकाचा नट आवळायचास, पुन्हा आवळायचास, गिऱ्हाईक सायकलवर बसलं की त्याला उतरवून पुन्हा आवळायचास. इतका, की आटे जायचे आणि नटच निकामी. दुकानदार भला माणूस, त्यानं बरेच दिवस सोसलं. एकदा म्हणाला, “मधुकर, पोरं भाड्याची सायकल घेऊन चौपाटीवर जातात रे, विलायतेला नाही.” शेवटी त्यानंच आपल्या घरी येऊन, चहा पिऊन, तुला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तू त्याला दारापर्यंत पोचवायला गेलास आणि परत येताना कडी लावलीस. उघडून पुन्हा लावलीस. मी आतून मोजत नव्हते, पण कडीचा आवाज येत राहिला.

मग घरीच माझ्या हाताखाली. हूक लावायचं काम तुला दिलं. तुझ्या हातचा हूक, बापरे! गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, “ताई, तुमच्याकडचा ब्लाऊज काढायला नवऱ्याला हाक मारावी लागते.” मी पोट धरून हसले. तू हसला नाहीस. तू तो हूक हातात घेऊन आणखी एकदा ओढून पाहिलास.

मला एकटीला टाकून तू लग्न करणार नाहीस असं म्हणायचास, ते मी कधी खरं मानलं नाही. पण एक खरं होतं. माझा नवरा गेला आणि सासरच्यांनी मला धुण्याभांड्याला जुंपलं, तेव्हा कुणी फिरकलं नाही. तू आलास. मिसरूडसुद्धा धड फुटलं नव्हतं. ओटीवर मोठी माणसं बसलेली, तू त्यांना नमस्कारसुद्धा न करता आत आलास आणि म्हणालास, “चल ताई, ट्रंक कुठंय?” रस्ताभर मला काही विचारलं नाहीस. घरी आल्यावर पहिली गोष्ट काय केलीस, तर दादांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आईचं जुनं मशीन उघडलंस आणि चालू करून दिलंस. त्याच मशीनवर आपण दोघं जेवलो. तुझ्या हातांनी एवढं नीट करून दिलेलं असताना तुला एकच बिघडलेलं दिसत राहिलं. याचा मला राग होता, मधू. माझा हिशेब तू कधी धरलाच नाहीस.

आणि ते घाटकोपर. दरवर्षी दसरा झाला की दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून बसनं निघायचं. पहिल्या वेळी त्यांनी दार उघडलं होतं. तू नाव सांगितलंस आणि दार लागलं. त्यानंतर तू कधी दार वाजवलं नाहीस. फाटकाशी उभा राहायचास, दुपार टळली की परत यायचास. शेजारपाजारचे बघायचे, कुणी हटकायचं. मी म्हणायची, “ती बाई या जन्मात दार उघडणार नाही.” तू म्हणायचास, “ठाऊक आहे.”

“मग जातोस कशाला?”

“दुसरं काय करू, ते तू सांग.”

गेल्या दसऱ्यालाही हेच झालं. तुझे डोळे पिवळे झाले होते, अंगात ताप होता, अन्नाचा वास सहन होत नव्हता. मी शर्ट लपवून ठेवला. तू मळका शर्ट घालून गेलास. संध्याकाळी परत आलास तो भिंतीला धरून. डॉक्टर म्हणाले, कावीळ अंगात मुरली आहे, आधीच यायला हवं होतं. उसाचा रस झाला, मुळ्याचा रस झाला, कुणी सांगेल तो काढा झाला. तू सगळं मुकाट घ्यायचास, माझं मन राखायला. एके दिवशी सकाळी मी तुझं अंग पुसत होते तर म्हणालास, “ताई, मी गेलो तर तू एकदा जाशील ना तिथं?” मी म्हटलं, “गप्प पड. मुगाचं पाणी घे.” तू पाणी घेतलंस. मी ‘हो’ म्हणाले नाही. मला वाटलं, हो म्हटलं तर तू निघशील. तसाही निघालासच.

तर काल गेले.

बैठं घर आहे, पुढं तगर आहे, तुला ठाऊकच आहे. फाटकाशी मी जरा थांबले. मग म्हटलं, आपण काय मधू नाही, आणि जाऊन दार वाजवलं. त्यांनीच उघडलं. मी म्हटलं, “मी मधुकरची बहीण.”

“कळलं,” त्या म्हणाल्या. “चेहरा तोच आहे.” आणि बाजूला झाल्या. मी आत गेले, मधू. तू इतकी वर्षं बाहेरून पाहिलेल्या घरात मी आत जाऊन बसले.

मी म्हटलं, “तो गेला.”

त्या खुर्चीचा हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, “या दसऱ्याला थकलेला दिसत होता. मध्येच खाली बसला होता. याआधी कधी बसत नसे.” म्हणजे बघत होत्या रे त्या. दरवर्षी पडद्याआडून बघत होत्या. कशानं गेला, लग्न केलं होतं का, जेवायचा का नीट, सगळं विचारलं. जेवायचा नाही म्हटल्यावर मान हलवली. उठून चहा करून आणला. आपल्या हातानं कप दिला.

मला वाटलं, आता विचारावं. मी दहाव्याचं सांगितलं. कावळा शिवला नाही, तुमच्या तोंडून एक शब्द ऐकायचा राहिला होता त्याचा, तो मला सांगा, मी त्याला पोचवीन.

त्या म्हणाल्या, “अरविंदलाही शिवला नव्हता. त्याचं काय राहिलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला निदान ठाऊक तरी आहे.”

मी कप खाली ठेवला.

“बाई, तुम्ही चहा घ्या, जेवून जा हवं तर. पण ते मागू नका,” त्या म्हणाल्या. “तो फाटकाशी उभा असायचा तेव्हा मला वाटायचं, आज दार उघडीन आणि पायातली काढून मारीन. एखाद्या वर्षी वाटायचं, उघडीन आणि आत घेईन. दोन्ही माझ्यानं झालं नाही. आता कुणाला मारू आणि कुणाला आत घेऊ?”

मी तुझी बाजू मांडली, मधू. राहवेना. इंजिनिअरचं सांगितलं, हारांचं सांगितलं, पूजेचं सांगितलं. इतकी वर्षं तुझ्याशी भांडून भांडून सगळं पाठ झालं होतं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्यानं कधी हे सांगायला निरोप धाडला नाही.”

“नाही. त्याला ते पटत नसे.”

“मग तुम्ही कशाला सांगता?”

निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या. माझा हात धरला. हात गार होता. म्हणाल्या, “तुम्ही बहीण आहात, घरी जाऊन त्याला खोटंच सांगाल, माफ केलं म्हणून. तसं करू नका. मी केलेलं नाही.”

म्हणून खोटं सांगत नाही, मधू. त्या नाही म्हणाल्या. आता कुठल्याच दसऱ्याला त्या हो म्हणणार नाहीत, कारण विचारायला कुणी जाणार नाही.

परतताना बसमध्ये मला त्यांचा राग यायला हवा होता. माझा राग तुला ठाऊक आहे, नाकाच्या शेंड्यावर असतो. मी वाट बघत राहिले, तो येईना. म्हणून मी उलटं करून पाहिलं. चिखलातून होडीत घातलेला तू, आणि आपल्या दारात धुतलेला शर्ट घालून उभा राहिलेला अरविंद. खिचडी मागून खाणारा, मला ताई म्हणणारा पोर. तो माझ्या दारात उभा आहे, दरवर्षी उभा आहे, अंगात ताप आहे, उभं राहवत नाही म्हणून खाली बसलाय. मला सगळं दिसत होतं. हारांचं ठाऊक होतं, इंजिनिअरचं ठाऊक होतं, त्याची एकट्याची चूक नव्हती हेही ठाऊक होतं.

मी दार उघडलं नाही रे.